रिकाम्या थप्पीत अडकलेला बूट

मित्रांनो, मी गमबूट आहे. काळा, रबरी, गुडघ्याच्या जरा खाली पोचणारा, आता बराच म्हातारा, आणि डावा. उजवाही आहे, माझ्या शेजारीच टांगलेला असतो, पण त्याला बोलायचा कंटाळा. शिवाय या गोष्टीतला मुख्य प्रसंग माझ्यावर गुदरला, त्याच्यावर नाही. म्हणून सांगायचा मान माझा. आधीच बजावून ठेवतो, माझ्या आयुष्यात गोडधोड फारसं नाही. ज्या ज्या गोष्टींत मी बुडालो त्यांची नावं ताटावर बसून घेऊ नयेत. तुम्ही जेवत असाल तर हे वाचन नंतर करा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं रबर, लोखंडी साचा, वरून दाब, की झाला बूट तयार. दुकानदाराने आम्हा दोघा भावांना सुतळीने एकत्र बांधून दाराबाहेर लटकवलं. तिथे लटकून मी मोठमोठी स्वप्नं बघायचो. एखादा आग विझवणारा जवान आपल्याला घेऊन जाईल, आपण धुरातून माणसं बाहेर काढू, लोक टाळ्या वाजवतील. कसलं काय! एके दिवशी कडक इस्त्रीच्या शर्टातला एक कारकून आला आणि म्हणाला, "नऊ नंबरचा जोड द्या. पावती ऑफिसच्या नावाने करा."

ऑफिस कसलं, तर हिशेब तपासणाऱ्यांचं. मी चक्रावलोच. खुर्च्या, फायली, पंखे, गार पाण्याचं मशीन, सगळीकडे फरशी चकचकीत. इथे गमबुटाचं काय काम? पण काम होतं. एखादा कारखाना वहीत लिहितो, आमच्या गोदामात अमुक इतका माल आहे. आता आहे की नाही, हे कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघायला हवं ना? ते बघायला हे ऑफिस आपल्या उमेदवारांना पाठवायचं. उमेदवार म्हणजे निवडणुकीतले नव्हेत. ज्यांना परवानाधारक लेखापाल व्हायचं असतं ती ही तरुण मंडळी. त्यांना परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्याशिवाय तीन वर्षं एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. दर वर्षाच्या शेवटी त्या वरिष्ठाने सही करून परवाना देणाऱ्या संस्थेला सांगायचं की या माणसाने हे काम खरोखर केलं आहे. ती सही नाही, तर परवाना नाही. परीक्षेत पहिला आलात तरी नाही.

आमच्या ऑफिसचे मालक म्हणजे साहेब. साहेबांचं डोकं फार सुपीक. ते म्हणाले, "प्रत्येकाला वेगळे बूट कशाला? एकच जोड आणा, मोठा आणा. सगळ्यांना होईल." झालं. जगातले सगळे पाय माझ्यात आले. घामट पाय, खाजरे पाय, चार दिवसांच्या मोज्यांतले पाय. एकाच्या टाचेला मलम असायचं, त्याची चिकट बुरशी माझ्या अस्तरात महिनाभर नांदली. शी! एका महाभागाने माझ्यात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा लपवला आणि विसरला. मग झुरळं आली. सहकुटुंब आली. आम्हाला ठेवायची जागा बेसिनखाली. वर लोक चुळा भरायचे, खाली आम्ही ऐकायचो. कधी शिंतोडे झेलायचो.

आणि बाहेर? मासळीची पूड करायची गोदामं, अंडी-कोंबड्यांच्या शेड, मळीच्या टाक्या. मळीत एकदा घोट्यापर्यंत गेलो, तर वर्षभर मुंग्या माझा पिच्छा सोडेनात. पण खरं सांगू? या घाणीची मला तेवढी शिसारी आली नाही. घाण ही घाण असते, ती काही आव आणत नाही. शिसारी आली ती निराळ्याच गोष्टीची.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती, तिला सगळे हसत हसत "केबिन मोजणी" म्हणायचे. उमेदवार कारखान्यात जायचे, मालकाच्या गार केबिनमध्ये बसायचे, सरबत प्यायचे आणि मालक सांगेल तो आकडा उतरवून घ्यायचे. गोदामाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मग निघताना आम्हाला पिशवीतून काढायचं, बागेतल्या नळाखालच्या चिखलात दोन्ही बूट हातानेच दाबायचे, आणि ऑफिसात आणून साहेबांसमोर आपटायचे. "बाप रे, काय चिखल होता साहेब!" साहेबांनाही सगळं ठाऊक. तेही म्हणायचे, "वा, चांगलं काम करता तुम्ही." थू! मला जीभ नाही म्हणून बरं. मी बूट आहे, मला खोटा चिखल लावून खोटं बोलायला लावलं त्यांनी.

अशात ती आली. उंचीने बेताची, पायाचा पंजा एवढासा, आणि नजर मात्र घारीची. साहेबांनी तिला पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, "मोजणीबाई". कारण ती सगळं मोजायची. ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा मोजून ती म्हणाली होती, "साहेब, आपल्याच यादीत एक खुर्ची जास्त दाखवली आहे." सगळे खो खो हसले. साहेब सगळ्यात मोठ्याने हसले आणि लगेच गप्प झाले.

तिने पहिल्यांदा आम्हाला बेसिनखालून काढलं तेव्हा तोंड असं वाकडं केलं, की मला वाटलं, झालं, हीसुद्धा केबिनवालीच. पण ती सरळ मागच्या नळावर गेली, आम्हाला आतून-बाहेरून घासलं, पालथं घालून वाळवलं, झुरळांना हाकललं. नऊ नंबर तिला कुठला व्हायला! दोन जोड मोजे आणि पंजात कापसाचा बोळा, असा थाट करून ती आमच्यात उभी राहिली. चालताना फटॅक फटॅक आवाज यायचा. कारखान्यातले लोक हसायचे. ती म्हणायची, "हसा हसा, पण ती मागची खोली उघडा." मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत.

तिच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, पहिल्या झटक्यात. उमेदवारीची दोन वर्षं संस्थेच्या दप्तरी जमा झाली होती. तिसरं संपत आलं होतं. आता फक्त साहेबांची एक सही. तिची आई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, त्यांनी तर जिन्यात भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं, "आमची आता लेखापाल झालीच म्हणा."

त्याच सुमारास साहेबांच्या बहिणीचा मुलगाही उमेदवारी करत होता. आम्ही सगळे त्याला भाचेराव म्हणायचो. करत होता म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तो दुपारी उगवायचा, केसांना हात लावायचा आणि मामांच्या खोलीत जाऊन बसायचा. खिशात कायम सुगंधी रुमाल. मोजणीवर दोघांनी जायचं आणि दोघांनी सह्या करायच्या असा नियम होता, म्हणून चामड्याच्या कारखान्याच्या मोजणीला मोजणीबाईबरोबर त्याची नेमणूक झाली. त्या कारखान्याला बँकेकडून मोठं कर्ज हवं होतं, आणि बँक आमच्या ऑफिसच्या शब्दावर थांबली होती.

मित्रांनो, कच्च्या कातड्यांचं गोदाम तुम्ही पाहिलं नसेल. देव करो आणि पाहावं न लागो. कातडी मीठ लावून एकावर एक रचतात, त्यांच्या माणसाच्या डोक्याहून उंच थप्प्या करतात. मीठ सुटतं, खालून तांबूस पाणी झिरपतं. त्यात केस, चरबी, काय काय. फरशी सगळी बुळबुळीत. वास तर असा, की दारातच पोटातलं तोंडाशी यावं. भाचेरावाने दारातून आत डोकं घातलं, रुमाल नाकावर दाबला आणि "मी जरा केबिनमध्ये कागद बघतो हं" म्हणून पसार झाला. ती एक क्षण थांबली. तिलाही उमासा आला होता, माझ्यातली तिची बोटं आखडलेली मला कळली. मग ती आत शिरली.

गोदामाचा मुकादम बरोबर होता. चांगला माणूस, पण सारखा दाराकडे बघणारा. ती पुढच्या थप्प्या मोजून झाली आणि मागच्या ओळीकडे वळली, तसा तो म्हणाला, "ताई, मागच्या पण अशाच आहेत. गुणाकार करून टाका की."

"गुणाकार मला येतो हो दादा. शिडी कुठे आहे?"

"वर नका चढू. घसराल, हातपाय मोडाल."

"मोडले तर मोडले. शिडी द्या."

ती चढली. थप्पीच्या मधोमध तिने पहिलं पाऊल टाकलं, ते डावं, म्हणजे मी. आणि काय सांगू, खाली काही नव्हतंच! वरचं कातडं फाटल्यासारखं बाजूला सरकलं आणि मी खचकन आत गेलो, तिच्या मांडीपर्यंत. ती किंचाळली. पाय ओढला तर तो बाहेर आला, मोजे बाहेर आले, कापसाचा बोळासुद्धा आला. मी मात्र आत राहिलो.

तर त्या थप्पीच्या पोटात काय होतं ते मीच पाहिलं. फुटकी लाकडी खोकी. बस. खोक्यांचा चौथरा रचलेला, चारी बाजूंनी आणि वरून कातडी पांघरलेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, माल गच्च भरला आहे. आत पोकळ. एक उंदीर माझ्याकडे बघत बसला होता, त्यालासुद्धा तिथे खायला काही मिळालं नसावं. मला इतकी किळस आली! मळीत आली नव्हती, मासळीत आली नव्हती. एवढी मोठी रास, आणि तिच्या पोटात नुसता खोटेपणा.

ती पालथी झोपली, खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपून मला धरलं आणि वर काढलं. मग एका हाताने मला उलटा करून मिठाचं पाणी ओतून टाकलं आणि मुकादमाला विचारलं, "दादा, मागची पूर्ण ओळ अशीच आहे ना?"

तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मला लेकरंबाळं आहेत. मी काही बघितलं नाही. तुम्ही बघितलंत, तुम्ही बघा."

ती मागच्या प्रत्येक थप्पीवर चढली. प्रत्येकीत मी थोडा थोडा घुसलो. सगळ्या पोकळ.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही पिशवीत होतो. पिशवीचं तोंड उघडं होतं, तेव्हा ऐकू सगळं आलं.

"थप्पीच्या पोटात शिरायला तुला कुणी सांगितलं होतं?" साहेब म्हणाले. "आपण हिशेबनीस आहोत, उंदीर नाही."

"साहेब, माल नाहीये तिथे. मागची पूर्ण ओळ पोकळ आहे."

"भाचा म्हणतो भरलेली आहे. त्याने सहीसुद्धा केली. 'स्वतः आत जाऊन मोजले' असं लिहून दिलंय त्याने."

"तो दारातूनच परत फिरला."

"हे बघ." साहेबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "तू हुशार आहेस. पण शहाणी नाहीस. कारखानदार माझा जुना माणूस आहे. माल आज नाही, उद्या येईल. तू इथे सही कर, मी तुझ्या तिसऱ्या वर्षावर सही करतो. पुढच्या महिन्यात तू लेखापाल. आई किती खूश होतील तुझ्या!"

कागद टेबलावरून परत सरकवल्याचा आवाज आला.

"मला परवाना हवाय साहेब. खूप हवाय. पण परवाना कशाचा, तर मी बघितलंय असं सांगण्याचा. मी जे बघितलं तेच लिहीन."

"मग तुझं वर्ष गेलं," साहेब म्हणाले. "आणि जाताना ते बूट पण घेऊन जा. ऑफिसात घाण मारतात."

अशी आमची रवानगी तिच्या घरी झाली. तिथे तरी काय स्वागत! आईने दारातच हात आडवा धरला. "शी शी शी! हे काय आणलंस? हे घरात यायचं नाही." आम्ही गॅलरीत गेलो. मग आतून मायलेकींची जुंपलेली ऐकली. आई म्हणत होत्या, "सगळं जग करतं सह्या. तूच एकटी हरिश्चंद्र लागून गेलीस का गं? कर की सही, आणि एकदा परवाना हातात पडला की मग दाखव तुझा बाणा." लेक म्हणत होती, "आई, पहिलीच सही खोटी केली तर दुसरी खरी कशी करू?" मग दार आपटलं. मग दोघींच्या रडण्याचा आवाज. आई मोठ्याने रडत होत्या, लेक हळू.

सकाळी आई गॅलरीत आल्या. वास सहन होईना म्हणून त्यांनी तोंडाला पदर बांधला, बादली घेतली, जुना ब्रश घेतला आणि बडबडत बडबडत मला घासायला बसल्या. तळाच्या खाचांत केस होते, वाळलेली चरबी होती. त्यांना उलटी आली. चूळ भरून आल्या, परत बसल्या. लेक दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू असल्या ठिकाणी उतरायचीस?"

"कामच आहे आई ते."

"मला वाटायचं, तुम्ही खुर्चीत बसून बेरजा करता."

"बेरजा नंतर. आधी बघायचं."

आईंनी ब्रश परत उचलला. मला त्यांनी आधीपेक्षा हलक्या हाताने घासलं.

आठवडा गेला असेल नसेल, भाचेराव दारात हजर. हातात मिठाई, चेहऱ्यावर पाव किलो हसू. आम्हाला परत एकदा धुऊन वाळायला म्हणून दाराशीच ठेवलेलं. घासूनही आमचा वास पुरता गेला नव्हता. खारवलेल्या कातड्याचा वास असा जात नाही. भाचेरावाने आत पाऊल टाकलं मात्र, आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"काकू, मामांनी पाठवलंय," तो रुमालातून बोलला. "बँकेचा माणूस विचारतोय, मोजणीवर दोन सह्या हव्यात, एकच कशी. ताईने एवढी एक सही केली की मामा तिचं वर्ष लगेच पाठवतात. ते म्हणाले, झालं गेलं विसरू." आणि मग माझ्याकडे बघून, "ई, काकू, हे काय सडलंय इथे?"

लेक काही बोलणार, तेवढ्यात आई पुढे झाल्या. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला उठवायचा जो आवाज असतो, त्या आवाजात म्हणाल्या, "तू लिहून दिलंयस ना, स्वतः आत जाऊन मोजले म्हणून?"

"हो... म्हणजे हो."

"धुतलेल्या बुटाजवळ तुला उभं राहवत नाहीये. आणि त्या गोदामात तू दिवसभर मोजत होतास?"

रुमाल खाली आला. वर गेला. परत खाली आला. उजवा, जो कधी बोलत नाही, तोही त्या दिवशी पडल्या पडल्या माझ्या अंगावर रेलला. आईंनी मिठाई त्याच्या हातात परत ठेवली. "तुझ्या मामांना सांग, आमच्या घरातून सही मिळणार नाही. आणि ती वर्षभर जास्त राबली तर मी तिला डबा देईन वर्षभर."

तो गेल्यावर लेक आईच्या गळ्यात पडली. इतके दिवस ती हळू रडत होती, तेव्हा मात्र चांगली भोकांड पसरून रडली.

संस्थेने नियम दाखवला. सही नाही, तर ते वर्ष नाही. तिने वाद घातला नाही. दुसरं ऑफिस शोधलं, लहानसं, एका वयस्कर लेखापाल बाईंचं, आणि तिसरं वर्ष पहिल्यापासून सुरू केलं. तिच्या बरोबरीचे सगळे नावाची पाटी लावून बसले होते. भाचेरावसुद्धा. होय मित्रांनो, त्यालाही परवाना मिळाला. ही बातमी ऐकली तेव्हा मला मळीच्या टाकीत परत उडी मारावीशी वाटली.

दुसरी सही येईना, तेव्हा बँकेने शेवटी आपली माणसं पाठवली. त्यांनी थप्प्या उघडल्या. मग काय, बोंबाबोंब. कारखानदार गायब. आणि साहेब? साहेबांनी हात झटकले. म्हणाले, मोजणी भाच्याने केली, मी त्याच्यावर विश्वास ठेवला, मला काय माहीत. सख्ख्या बहिणीचा मुलगा! त्याचा परवाना संस्थेने चौकशीसाठी अडकवून ठेवला आणि साहेब आपले त्याच गार खोलीत बसून राहिले. भाचेरावाची मला कीव कधी येईल असं वाटलं नव्हतं. तीही आली, आणि साहेबांचा अधिकच वीट आला.

इकडे आमचं वर्ष फटॅक फटॅक करत पार पडलं. वयस्कर बाईंनी सही करण्याआधी तिला समोर बसवून प्रत्येक मोजणीचं विचारलं. कुठे गेलीस, काय पाहिलंस, चुकलीस कुठे. दोन ठिकाणी ती चुकली होती. तिने ते सांगितलं. मग बाईंनी सही केली.

परवाना आला त्या दिवशी आई तो हातात घेऊन वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत फिरून आल्या. ती गॅलरीत आमच्या शेजारी बसली होती, आणि फोन वाजला. साहेब होते. आवाज इतका खणखणीत, की मला सगळं ऐकू आलं.

"अगं, अभिनंदन! आमच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी तू. अभिमान वाटतो. बरं का, या चौकशीच्या भानगडीत मला संस्थेला एक उत्तर द्यायचंय. त्यात तुझं नाव घालतो. आमच्या ऑफिसने किती प्रामाणिक लेखापाल घडवले, ते कळू दे त्यांना. चालेल ना?"

मित्रांनो, मला आतून ढवळून आलं. बूट ओकू शकत नाही, नाहीतर गॅलरी खराब झाली असती.

ती हसलीही नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "साहेब, तुमच्याकडचं ते तिसरं वर्ष संस्थेने धरलेलं नाही. विचारून बघा." आणि फोन ठेवून आईला हाक मारली, "आई, जेवायला वाढ गं, भूक लागलीय."

माझ्या टाचेला आता भेग पडली आहे, पाणी आत येतं. माझा काळ सरला. तुमच्याकडे माझी एक विनवणी आहे. चिखलाची, मळीची, कातड्यांची किळस आली तर येऊ द्या, साबणाने हात धुवा, मोकळे व्हा. पण साहेबांच्या त्या फोनची मला जी किळस आली, तशी तुम्हाला कधी आली, तर ती धुऊन टाकू नका. ती जपा.